चूल, पाळणा आणि सेवा : लक्ष्मीबाई टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्या घरांचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की ब्राह्मणपुरीत या विषयाचं काय काम? ख्रिस्ती धर्म, धर्मसेवा आणि आईपण, हे तिन्ही एका घरात कसं नांदतं, असा हा विषय आहे. पण आपल्याच जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. तापी ओलांडून नवापूरकडे निघालात की मावची बोलणाऱ्या गावांमध्ये चर्च दिसतं. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले, तेव्हापासूनचा हा इतिहास आहे. म्हणजे ही माणसं आपली शेजारी आहेत. आणि ज्या बाईच्या घरी नवरा समाजाचं काम करतो किंवा ती स्वतः करते, त्या प्रत्येक बाईला हा प्रश्न पडलेला आहे. मग ती ख्रिस्ती असो, वारकरी असो, नाहीतर ग्रामपंचायतीची सदस्य असो.

हा प्रश्न आपण बहुधा कसा विचारतो? ‘बाई, तुम्ही हे सगळं कसं सांभाळता? घर आणि काम यांचा तोल कसा राखता?’ कौतुकानंच विचारतो. पण ‘तोल’ म्हटलं की तराजू आला. तराजूला दोन पारडी असतात. एका पारड्यात देवाचं काम, दुसऱ्यात घरचं काम, आणि मध्ये दांडी धरून उभी असलेली बाई. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे एक खोड लागली आहे : प्रश्नाला उत्तर देण्याआधी प्रश्नातली उपमा तपासायची. हा तराजू मुळात खरा आहे का? ते मी आज इतिहासातून तपासणार आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्या दोन घरांत तुम्हाला घेऊन जाणार आहे.

त्याआधी एका शब्दाबद्दल थोडं सांगतो. मराठी ख्रिस्ती माणूस धर्मकार्याला ‘सेवा’ म्हणतो. ‘पाळकसाहेब अमुक मंडळीत सेवेला आहेत’ असं म्हणायची पद्धत आहे. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे ‘डायकोनिया’. त्याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ काय होता? पंगतीत वाढणं, जेवणाऱ्यांची सरबराई करणं. लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या दोन बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी येतो. मरीया पायाशी बसून ऐकते, मार्था पाहुण्यांच्या व्यवस्थेत बुडून जाते आणि कुरकुर करते. मार्थाच्या त्या कामाला ग्रीकमध्ये शब्द वापरला आहे तो हाच, डायकोनिया. पुढे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात विधवांना रोजचं अन्न नीट मिळत नाही अशी तक्रार येते. तेव्हा बारा प्रेषित म्हणतात, आम्ही वचनाची सेवा करू आणि पंगतीच्या सेवेसाठी सात जण नेमू. दोन्हीकडे शब्द तोच. मात्र कामं वेगळी झाली, आणि हळूहळू एकाला मान मिळाला, दुसरं घरकाम ठरलं.

मार्थाला कायम खालची जागा मिळाली असंही नाही. तेराव्या-चौदाव्या शतकात मास्टर एकहार्ट नावाचा जर्मन धर्मचिंतक होऊन गेला. त्यानं एका प्रवचनात उलटंच मांडलं. त्याच्या मते मार्था अधिक पक्व आहे, कारण कामाच्या धबडग्यात राहूनही तिचं चित्त ढळत नाही. मरीया अजून शिकते आहे. आपल्याकडच्या संतपरंपरेत वाढलेल्या माणसाला हे लगेच पटेल. दळता-कांडता नाम घेणारी जनाबाई आपल्याला परकी नाही.

आता इतिहासाकडे वळू. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत सुरू झालं आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्याचं मोठं केंद्र बनलं. अमेरिकेतल्या बोर्डाच्या नोंदींत मिशनऱ्याच्या बायकोची नोंद कशी होती? ‘सहायक मिशनरी’. शाळा ती चालवायची, बायकांमध्ये ती जायची, आजाऱ्याला औषध ती द्यायची, आणि पाळण्यातलं मूलही तीच सांभाळायची. हे जमेना तेव्हा बोर्डानं अविवाहित स्त्रिया पाठवायला सुरुवात केली. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. लग्न झालेल्या बाईला सेवेसाठी वेळ उरत नाही, म्हणून लग्न न झालेली बाई पाठवा, हा संस्थेनं काढलेला तोडगा होता. हाही तराजूच. एक पारडं रिकामं केलं की तोल सुटला!

आणि मिशनरी आई-बाप मुलांचं काय करायचे? अनेकांची मुलं सहा-सात वर्षांची झाली की थेट मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत, नाहीतर १९०१ साली निघालेल्या कोडाईकनालच्या शाळेत जायची. वर्षातले कित्येक महिने आई एका टोकाला, मूल दुसऱ्या टोकाला. सेवेचे अहवाल लिहिले गेले, पण त्यांत या मुलांच्या रडण्याचा रकाना नव्हता. हे मी दोष द्यायला सांगत नाही. पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा.

आता पहिलं घर, लक्ष्मीबाई टिळकांचं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा, माहेरच्या गोखले. वडील सोवळ्याच्या बाबतीत इतके कडक की बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवून घ्यायची. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक. कवी, संस्कृतचा जाणकार, वृत्तीनं भटका. हातात पैसा टिकला नाही, एका गावी पाय टिकला नाही. सुरुवातीची मुलं लहानपणीच गेली आणि दत्तू राहिला, म्हणजे पुढचे देवदत्त नारायण टिळक.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा नातेवाइकांकडे होत्या. त्यांच्यावर काय कोसळलं याची कल्पना करा. नवरा जिवंत आहे, पण घरच्यांच्या लेखी तो गेला. कपाळाला कुंकू आहे, पण संसार नाही. चार-पाच वर्षं दोघं वेगळे राहिले, दत्तू आईजवळ होता.

इथे मी तत्त्वज्ञानाचा एक मुद्दा मांडतो. सदसद्विवेक ही एकट्या माणसाची गोष्ट, असं आधुनिक विचार सांगतो. ज्याला जे खरं वाटेल ते त्यानं निर्भयपणे स्वीकारावं. टिळकांनी तेच केलं, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण एकाच्या विवेकाची किंमत दुसरं माणूस मोजतं, हे त्या विचारात कुठे धरलेलंच नसतं. सत्य टिळकांना सापडलं आणि पंढरपुरात दिवस काढले लक्ष्मीबाईंनी. संसारी माणसाचा विवेक एकट्याचा राहत नाही, त्याच्या मागे पदर धरून माणसं उभी असतात.

मग लक्ष्मीबाईंनी काय केलं? त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण नवऱ्याचा धर्म घेऊन आल्या नाहीत. त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली, आपलं पाणी वेगळं ठेवलं. एका संसारात दोन धर्म नांदायला लागले. टिळकांचं मोठेपण असं की त्यांनी ते चालू दिलं. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनात विचार सुरू झाला की ही जात केली कुणी? देवानं की माणसानं? माणसानं केली असं त्यांना पटलं आणि बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांनी शिवाशीव सोडली. सोवळ्यापायी सगळं धुवून घेणाऱ्या बापाची ही लेक! १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागोमाग पाच वर्षांनी, आणि स्वतःच्या पायांनी चालत.

तो काळ आठवा. छप्पनचा दुष्काळ, म्हणजे शके नव्हे, संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. आपल्या खानदेशातही या दुष्काळाचं नाव जुन्या माणसांच्या तोंडी होतं. राहुरी-नगरच्या भागात अनाथ मुलं वाऱ्यावर पडली होती. टिळक हळव्या मनाचे, ते मुलं घरी आणायचे. आणायचे टिळक, पण न्हाऊ घालायचं कुणी? उवा काढायच्या कुणी? रात्री ताप चढला तर उशाशी कोण बसायचं? पुढे नगरला प्लेग आला तेव्हा लक्ष्मीबाईंनी छावणीत राहून आजारी मुलींची शुश्रूषा केली. एका सोवळ्या घरातून आलेली बाई प्लेगच्या गाठी आलेल्या पोरींजवळ बसते. याला तुम्ही घरकाम म्हणाल की धर्मकार्य? मला त्यातली सीमारेषा सापडत नाही.

आता खानदेशच्या लोकांना खास सांगण्यासारखी एक गोष्ट. आपल्या धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहिला होता. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं वागवलं. ख्रिस्ती पाळकाच्या घरी राहिलेला हा मुलगा शेवटपर्यंत हिंदूच राहिला. १९१८ साली भादलीला रेल्वेखाली तो गेला तेव्हा त्याचं वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नव्हतं. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत तो भेटतो तो घरातलाच एक पोरगा म्हणून. तिथे ना कुणाला ओढण्याचा हिशेब आहे ना मोजदाद. जेवायला वाढलं, त्याचं हसणं-रुसणं सोसलं, आजारपणात काळजी केली. सेवेचा अर्थ पंगतीत वाढणं असा असेल, तर तो या घरात अक्षरशः दिसतो.

टिळक १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन करत होते. १९१७ साली त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि संन्यस्त वृत्तीनं साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला निघाले. ऐकायला फार उदात्त वाटतं. पण पगार सुटला म्हणजे घरात काय झालं असेल, हे इथे बसलेल्या बहिणींना समजावून सांगायची गरज नाही. संन्यासी व्हायलासुद्धा मागे कुणीतरी संसारी असावं लागतं. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य अपुरं होतं, सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले! शाळेचं तोंड न पाहिलेली, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली बाई. शेवटचा अध्याय देवदत्तांनी पुरा केला. बाप, आई आणि मुलगा असं एका ग्रंथाचं कर्तृत्व मराठीत दुसरीकडे शोधावं लागेल.

‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक तुम्ही नावानं ओळखता. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. ते कसं जन्मलं हे महत्त्वाचं आहे. देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्यांनी आईकडून आठवणी लिहवून घेतल्या. मागितलं होतं वडिलांचं चरित्र, मिळालं आईचं. रेव्हरंड टिळकांच्या सेवेचा खरा इतिहास मराठीला कुठल्या अहवालातून कळला नाही, तो चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून कळला. आणि तिनं तो हसत हसत सांगितला, कुणाला माफही न करता आणि कुणावर रागही न धरता.

आता दुसरं घर, पंडिता रमाबाईंचं. या घरात पुरुष नव्हता. पती बिपिन बिहारी दास मेधावी १८८२ साली वारले तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. रमाबाई १८८३ साली तिला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे अँग्लिकन मठात दोघींचा बाप्तिस्मा झाला. मठातल्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या. छोटी मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणायची. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या आणि मुलगी बराच काळ आजीबाईंजवळ राहिली.

इथे वाद उभा राहिला. रमाबाईंनी ख्रिस्त स्वीकारला होता, पण चर्चचा प्रत्येक सिद्धान्त डोळे मिटून स्वीकारला नव्हता. त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल त्यांना शंका होत्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, ती माझ्या देशातल्या बायकांना काय कळणार, हाही त्यांचा प्रश्न होता. जेवणात अंडं चालणार नाही, हाही आग्रह होता. मठातल्या बायकांना हा गर्व वाटला. आणि मग मुद्दा मनोरमेवर आला. तिला धर्म कोण शिकवणार, काय शिकवणार? रमाबाईंनी पत्रांतून ठाम भूमिका घेतली की माझ्या मुलीच्या शिकवणीचा अधिकार माझा आहे. ज्यांच्या घरी मुलगी वाढते आहे, ज्यांचं मीठ खाल्लं आहे, त्यांनाच हे सांगायचं म्हणजे धैर्य लागतं. हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित करून छापला. मला वाटतं, भारतीय आईनं धर्मस्वातंत्र्याबद्दल केलेल्या युक्तिवादाचा तो फार मोलाचा दस्तऐवज आहे.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. १८९३ साली मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून गहजब झाला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. शतक बदललं तेव्हा तिथे सुमारे दोन हजार बायका-मुली होत्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हाती. रमाबाई दोन हजारांची आई झाल्या. आणि मनोरमा? ती इंग्लंडमध्ये, अमेरिकेत शिकली, परत आली, शारदा सदनात शिकवू लागली, आईचा उजवा हात झाली. संस्था पुढे तीच चालवणार असं सगळे धरून होते. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी मनोरमा गेली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्याचं काम संपवून रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या.

मनोरमेचं स्वतःचं असं आयुष्य किती होतं? एका आईच्या सेवेत एका लेकीचं आयुष्य पूर्ण विरघळलं. तिनं ते आनंदानं दिलं असेलही. पण मुक्तीच्या इतिहासात आपण रमाबाईंचं नाव दहादा घेतो आणि मनोरमेचं एकदा. लक्ष्मीबाईंनी टिळकांसाठी जे केलं, ते रमाबाईंसाठी मनोरमेनं केलं. म्हणजे काम करणारी स्त्री असली तरी तिच्या मागे कुणीतरी उभं राहिलंच. फरक इतकाच की लक्ष्मीबाईंना पुस्तक लिहायला वेळ मिळाला, मनोरमेला मिळाला नाही.

आता तराजूकडे परत येऊ. या दोन घरांत दोन पारडी मला दिसत नाहीत. अनाथ मुलाला घास भरवणं आणि प्रवचन देणं ही दोन वजनं नव्हती, ते एकच काम होतं. ‘डायकोनिया’ या शब्दानं ते सुरुवातीपासून सांगितलं होतं. पण इथे थांबलो तर मोठी फसगत होईल. ‘बाईंनो, तुमचं घरकाम हीच देवसेवा’ असं म्हणून पुरुष मोकळे होतात, आणि ते काम पुन्हा बिनपगारी, बिननावाचं बाईच्या माथी राहतं. म्हणून त्याच्या जोडीला मी दोन गोष्टी मागतो. सेवा एक असेल तर मानही एकच हवा, म्हणजे वहीत नाव, पगारात वाटा, निर्णयात शब्द. आणि घरातलं जे मूल किंमत मोजतं, त्याला विचारलं पाहिजे. टिळकांनी बायकोला पाच वर्षं तिच्या गतीनं चालू दिलं. रमाबाईंनी मुलीची श्रद्धा दुसऱ्याच्या हाती दिली नाही. या दोन्हींत एकच तत्त्व आहे : जवळच्या माणसाच्या श्रद्धेवर आपली घाई लादायची नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. खेड्यांतल्या मंडळ्यांत मिशनचा मास्तर असायचा आणि त्याची बायको ‘मास्तरीणबाई’. मास्तरांचं नाव नोंदवहीत मिळतं. मास्तरीणबाईंचं बहुधा मिळत नाही. बाळंतपणाला धावून जाणारी, पोरींना अक्षर शिकवणारी, उपासनेआधी चर्च झाडणारी, रात्री मुलांना कुशीत घेऊन बायबल वाचणारी ती बाई. अशा घरांत आज ऐंशी-नव्वदीच्या आज्या आहेत. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कुणी नवापूरकडचं असेल, तर घरी जाऊन आजीजवळ बसा आणि तिचं बोलणं मोबाईलवर टिपून ठेवा, मावचीत असेल तर मावचीतच. देवदत्त टिळकांनी आईला विचारलं म्हणून महाराष्ट्राला ‘स्मृतिचित्रे’ मिळालं. मनोरमेला कुणी विचारलं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या आज्यांना विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत.